लवू कुबलचा ओला चेहरा

धक्क्यावरचा पुतळा बाईसारखा दिसायला लागलाय, ही बातमी अक्षताला मिळाली तेव्हा तिचे दोन्ही हात मसाल्यानं बरबटलेले होते. जेवणाची वेळ जवळ आली होती, बांगडे चिरा पाडून तयार होते, आणि खानावळीच्या दारात कैवल्य वानखडे तोंड पाडून उभा होता.

"ताई, मशीन बिघडलंय. जरा येता का?"

कैवल्य अकोल्याचा. पुतळ्याचा इंजिनियर म्हणून सुरूबंदरला येईपर्यंत त्यानं समुद्र फक्त सिनेमात पाहिला होता. काटे काढून मासे खायला त्याला अक्षतानंच शिकवलं. त्यामुळे मशीनचं काही झालं की वरिष्ठांना कळवायच्या आधी तो तिच्याकडे धावत यायचा. तिला त्या मशीनमधलं ओ की ठो कळत नसे, पण पुतळा तिच्या वडलांचा होता.

"काय झालं?"

"चेहऱ्याला... म्हणजे, तुम्हीच बघा."

तिनं हात धुतले, बांगडे झाकून ठेवले आणि पदराला हात पुसत त्याच्यामागे निघाली.

मागच्या मोठ्या वादळानं सुरूबंदरचा जुना धक्का आणि मासळीबाजार मुळासकट उचलून नेला होता. त्या जागी नवा झाला तो इतका चकाचक, की म्हाताऱ्यांना त्यावर उकिडवं बसून विडी ओढायचीही चोरी झाली. मग कुणाच्या तरी मनात आलं की नुसता धक्का ओकाबोका दिसतो, आणि शिल्पांचं पीक आलं. किनाऱ्यावरून रापणीचं लांबलचक जाळं ओढणाऱ्या माणसांची पोलादी रांग आली. काशाच्या मासेवाल्या आल्या, त्यांच्या टोपल्यांत पर्यटक आपली पोरं बसवून फोटो काढू लागले. बोटींच्या जुन्या पंख्यांपासून केलेला घोळ मासा आला, त्याला समुद्रपक्ष्यांनी पहिल्याच आठवड्यात पांढरा करून टाकला. परत न आलेल्या होड्यांची नावं कोरलेला दगडी खांबही आला. त्याच्याभोवती सकाळी लोक धावायचे, आणि त्यांच्या पायांमधून वाट काढत म्हाताऱ्या बायका तिथं फुलं ठेवायच्या. ह्या सगळ्याच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी, लवू कुबल उभा होता. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात वल्हं. अंग भाजून दगडासारखं टणक झालेलं, चेहरा मात्र अजून ओला.

अक्षतानं वर पाहिलं. भुवया कमानीसारख्या चढल्या होत्या, डोळे कानांपर्यंत लांबले होते, आणि ओठ विडा खाल्ल्यासारखे मुरडलेले होते. ती बघत राहिली आणि मग पोट धरून हसत सुटली.

"मशीन ठणठणीत आहे तुमचं," ती डोळे पुसत म्हणाली. "ही द्रौपदी आहे."

"कोण?"

"आमच्या दशावतारात बायकांची कामं पुरुष करतात. माझे वडील दिवसा खाडीवर होडी चालवायचे आणि जत्रांच्या दिवसांत रात्री द्रौपदी व्हायचे. लवू कुबलची द्रौपदी बघायला गोव्यापासून माणसं यायची. गावाला तेच तोंड आठवतंय, त्याला मशीन काय करणार?"

कैवल्य आ वासून पुतळ्याकडे पाहू लागला. अकोल्यात त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

माणसाला चेहरा सांगता येत नाही, पण ओळखता येतो, हे ह्या सगळ्या कारभाराचं मूळ. सख्ख्या भावाचं नाक कसं आहे ते सांगा म्हटलं तर आपण चाचरतो, पण हजारांच्या गर्दीत तो दिसला की पापणी लवायच्या आत कळतं. त्या क्षणी मेंदूत विजेची एक छोटी लहर उठते. ती जिभेच्या आधी उठते, आणि खोटं बोलत नाही. पुतळ्यासमोरच्या बाकावर बसून मान मागे टेकली की बाकाच्या पाठीतली पट्टी ती लहर टिपायची. पुतळ्याच्या चेहऱ्याची माती साधी नव्हती. तिच्यात डोळ्यांना न दिसणारा लोखंडाचा चुरा कालवलेला होता आणि मागे तारांची वेटोळी होती. वेटोळ्यांतला प्रवाह बदलला की माती केसभर हलायची. नाक किंचित रुंद, मग किंचित अरुंद. बसणाऱ्याला बदल कळतही नसे, पण मेंदूला कळे. लहर मोठी झाली की मशीन तो बदल ठेवायचं, लहान झाली की मागे घ्यायचं. ज्यांनी लवूला पाहिलं होतं त्यांनी एकेकानं बसून जायचं, आणि सगळ्यांचं झालं की मातीतून मोठा प्रवाह सोडून चेहरा कायमचा भाजायचा, असं ठरलं होतं. तोवर गावानं त्याचं नाव 'ओलो लवू' ठेवून टाकलं.

हा खटाटोप करायचं कारण एवढंच, की लवूचा फोटो नव्हता. लग्नातला एकुलता एक होता, तो अक्षता पाळण्यात असतानाच घरात शिरलेल्या पावसाच्या पाण्यात काचेला चिकटला आणि सोडवताना त्याचं तोंडच निघून गेलं.

आणि अक्षतानं वडलांना पाहिलंच नव्हतं. खाडीपलीकडच्या जत्रेत रात्रभर नाटक झालं, दहीकाला फुटला, पहाटे लोक परतीच्या होडीत बसले. लवूनं लुगडं आणि गंगावन उतरवलं, तोंड धुवायला वेळ नव्हता, तसाच वल्हं घेऊन बसला. खाडीच्या तोंडाशी लाटेनं होडी पालथी घातली. त्यानं एकेकाला ओढून वाळूवर टाकलं, शेवटी अजून एक राहिलाय म्हणून परत आत गेला, तो आलाच नाही. सापडलाही नाही. तेव्हा अक्षता आईच्या पोटात होती.

आता तिनं चाळिशी ओलांडली होती, नवरा बोटीवर होता, खानावळ जोरात चालत होती, तरी रोज संध्याकाळी ती त्या बाकावर जाऊन बसायची. तिच्याकडून मशीनला काहीच मिळत नसे. चेहरा कसाही बदलला तरी तिच्या मेंदूत लहर उठत नसे, कारण ओळखायला आत काही नव्हतंच. ती नुसती बघायची. आज ना उद्या ह्या मातीत बाप दिसेल, एवढी एकच आशा तिला होती.

द्रौपदीची बातमी नंदूशेठ गिरकरांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. नंदूशेठ म्हणजे स्मारक समितीचे अध्यक्ष. दोन रिसॉर्टं, एक भरघोस पांढरी मिशी आणि तापट डोकं, असा त्यांचा संसार. ते तरातरा आले.

"ह्यां काय रे, वानखडे? लवू कुबलाक काजळ घातलंस?"

"मी नाही घातलं, साहेब. गावानं घातलं."

"कोण गाव? एकेकाचा नाव सांग माका! हुतात्म्याचो पुतळो हा, आणि पर्यटक हसतले. मिशी लाव तेका. माझ्यासारखी."

"स्त्रीपार्टी करणारो मिशी ठेवता काय, शेठ?" अक्षता म्हणाली.

कैवल्यनं मशीनचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "काजळाच्या डोळ्यांना सगळ्यात मोठी लहर कुणाची उठली ते बघा, साहेब. तुमची आहे."

नंदूशेठ खाकरले. इकडेतिकडे पाहून हळूच बाकावर टेकले. राग कुठल्या कुठे गेला होता.

"मी त्या होडयेत होतंय," ते म्हणाले. "ल्हान पोर. नाकातोंडात पाणी गेल्ला. केसाक धरून माका कोणीतरी वर ओढल्यान. डोळे उघडून बघतंय तर समोर द्रौपदी. काजळ गालार उतारलेला. माका वाटला, मी मेलंय आणि देवी माका न्हेवक इली. आजून सपनात तीच येता. पण ह्यां कोणाक सांगूचा नाय हां, अक्षता."

"नाय सांगूचंय," अक्षता म्हणाली, आणि तिला त्यांची एकदम माया वाटली.

लोकार्पण तोंडावर आलं होतं. कैवल्यचं म्हणणं असं, की तोंडाला रंग नसलेला लवू ज्यानं पाहिलाय असं माणूस हवं, आणि बायकोपेक्षा जास्त कोण पाहणार? पण अक्षताची आई, सुगंधाकाकी, आजवर एकदाही बाकावर बसल्या नव्हत्या. त्या धक्क्याच्या त्या टोकाला फिरकतच नसत. बाजाराला जाताना मागच्या गल्लीतून वळसा घालून जात.

"आणि एक गोष्ट लक्षात घ्या, ताई," तो म्हणाला. "आपण एखादी आठवण काढतो ना, तेव्हा ती आहे तशी बाहेर येत नाही. बाहेर काढून पुन्हा आत ठेवताना दर वेळी ती थोडी बदलते. मागच्या गावी आम्ही एक चेहरा भाजला. नंतर त्या माणसाचा खरा फोटो सापडला, तो वेगळाच निघाला. पण लोक म्हणाले फोटो चुकीचा आहे, आम्हाला पुतळ्यासारखाच आठवतो. आपण जो भाजू, तोच पुढे सगळ्यांना लवूकाका म्हणून आठवेल. तुमच्या आईलासुद्धा."

सुगंधाकाकी पडवीत सुपात कुळीथ पाखडत होत्या. अक्षता समोर बसली.

"आये, एकदा त्या बाकार बस गो. धा मिन्टांचा काम."

"माझी कंबर धरता."

"बाकाक पाठ आसा."

"वारो लागता थंय."

"आये!"

"नाय म्हटलंय ना!"

मग मात्र अक्षताचा तोल गेला. "जल्मापासून सगळे माका सांगतत, तुझो बापूस असो होतो नि तसो होतो. माका 'बापाचो तोंडवळो' म्हणतत, तू पण म्हणतंस. मी हसलंय काय बापूस हसता, मी रागावलंय काय बापूस रागावता. मी बघलंय खंय तेंका? माका तेंचा तोंड बघूचा आसा. एकदाच. आणि ता फक्त तुझ्याच डोक्यात आसा."

सूप थांबलं.

"नाय गो," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यात आता ता नाय."

"म्हंजे?"

"माका तेंचा तोंड आठवणा नाय. लय वर्षा झाली. पयला नाक गेला, मगे हनवटी. हात आठवतत. खोकलो आठवता. तोंड आठवूक गेलंय काय सगळा पाणी." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दिवसभर ते होडयेर, रात्री जत्रेक. माझ्या वाट्याक किती इले ते? आणि आता आख्ख्या गावाक आठवतत, बायकोक नाय, असा त्या बाकार बसान सगळ्यांका दाखवू?"

इतकी वर्षं ही बाई एकटीच हे पोटात घेऊन बसली होती, आणि आपण मात्र वारा, कंबर, दहा मिनिटं असा हिशेब मांडत होतो, ह्याची अक्षताला लाज वाटली. बापाचं तोंड तिला हवंच होतं. पण हे सूप धरलेले, शिरा वर आलेले हात तिला त्याहून जवळचे होते.

"नको बसू," ती म्हणाली. "खरांच नको." आणि तिनं आईच्या हातातलं सूप घेऊन उरलेले कुळीथ पाखडून टाकले.

दुसऱ्या दिवशी तिनं कैवल्यला सांगितलं, आई बसणार नाही, द्रौपदीच भाजा. मुलीच्या संमतीचा अंगठा घेतल्याशिवाय भाजता येत नव्हतं, तोही द्यायला ती तयार झाली. तिनं हे हसतहसत सांगितलं, पण कैवल्यला ते हसू पटलं नाही.

त्याच दिवशी भर दुपारी, तापलेल्या धक्क्यावर ह्या दोघांखेरीज चिटपाखरू नसताना, काळी छत्री घेऊन सुगंधाकाकी स्वतःच आल्या. कैवल्यनं धडपडत उठून खुर्ची पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली.

"द्रौपदी भाजतास, असा आयकलंय. ती गावाची. ती माझ्या घरात कधी इली नाय. घराक येवच्या आदी ते विहिरीर तोंड धुवान येयत." त्या बाकाकडे वळल्या. "मी बसतंय. पण लोक नको. आणि अक्षता, तू माझ्या डोळ्यासमोर नको."

कैवल्यनं पुतळ्याचा चेहरा पुसून गुळगुळीत केला. काकींनी छत्री मिटून मांडीवर घेतली आणि मान टेकली. अक्षता बाकाच्या मागे उभी राहिली. माती हलायला लागली. आधी कपाळ आलं, मग नाकाचा शेंडा, मग हनवटीवरचा छोटा खळगा. बघताबघता अक्षताचं बोट स्वतःच्या हनवटीवर गेलं. हे तोंड ती रोज सकाळी आरशात पाहत होती.

काकींनीही ओळखलं. त्या छत्रीच्या मुठीवर कपाळ टेकून रडायला लागल्या.

"बघलंस? सांगीत होतंय ना? ह्यां तुझा तोंड, गो. तेंका पुसून मी थंय तुका बसवलंय."

"काकू, ऐका माझं." कैवल्य त्यांच्या पुढ्यात उकिडवा बसला. "तुम्ही कधी धुक्यात आंबोलीचा घाट चढलाय? काही दिसत नाही, पाय जिकडे वर पडतो तिकडे आपण जातो. चढ संपला की वाटतं, आलो माथ्यावर. धुकं हटलं की कळतं, ही शेजारची टेकडी, डोंगर पलीकडेच आहे. मशीन तसंच चालतं. ते तुम्हाला सगळ्यात जवळच्या टेकडीवर घेऊन गेलं. रोज बघता ते तोंड. त्याचा अर्थ डोंगर नाही असा होत नाही."

"मगे डोंगर खंय हा?"

"त्याच्या पायथ्याशी कुणीतरी नेऊन सोडायला हवं. गावातले चालणार नाहीत, ते द्रौपदीच्या टेकडीवर बसलेत, आणि ताईंनाही रोज बघतात. असा माणूस आहे का, ज्यानं लवूकाकांना रंगाशिवाय रोज पाहिलं, आणि अक्षताताईंना कधीच नाही?"

काकींनी डोळे पुसले. विचार करावा लागला नाही.

"दाजी मेस्त्री. नाटकात पेटी वाजवी. दोघा एका ताटात जेवत. त्या जत्रेनंतर तो वास्कोक गेलो, तो परत ह्या खाडीच्या पाण्याक इलो नाय."

दाजींना आणायला नंदूशेठ स्वतः गाडी घेऊन गेले. त्यांना वाटलं होतं म्हातारा येणार नाही. पण दाजींनी कागदावर लिहिलेलं लवूचं नाव वाचलं, काठी घेतली आणि न विचारता गाडीत जाऊन बसले. कान गेले होते, पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर साफ होती.

कैवल्यनं कडक नियम घातला. दाजींच्या नजरेला अक्षता पडता कामा नये, नाहीतर सगळंच मुसळ केरात. म्हणून मायलेकी खानावळीच्या स्वयंपाकघरात दार लावून बसल्या. अक्षतानं एकाच पातेल्याला तीनदा घासलं. काकी पाटावर बसल्या होत्या. दोघींच्या मनात एकच भीती होती. आता जे येईल ते शेवटचं, त्यापुढे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

शेवटी दारावर टकटक झाली. कैवल्य होता. तो नुसता बाजूला झाला.

धक्क्यावर ऊन कललं होतं. दाजी बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते, गाल ओले. नंदूशेठ चपला काढून उभे होते. अक्षता पुढे गेली आणि तिनं मान वर केली.

वर एक अनोळखी पोरगा होता. नाक बसकं आणि रुंद, डोळे बारके, कपाळ मोठं, कान बाहेर आलेले, खालचा ओठ रुसलेल्या मुलासारखा पुढे. तिच्या तोंडातलं काही, नावालासुद्धा, त्यात नव्हतं. आणि तो इतका लहान होता! सव्वीस-सत्तावीसचा. तिला तो रस्त्यात भेटला असता तर तिनं त्याला अरेतुरे केलं असतं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो समोर आला, आणि आत काही हललंच नाही. दाजींची म्हातारी आठवण चुकली असणार. राहू दे, द्रौपदीच बरी, असं सांगायला ती आईकडे वळली.

सुगंधाकाकींनी डोक्यावरून पदर घेतला होता. देवळातही ज्या पदर घेत नसत, त्या काकी तो घाईघाईनं कपाळावर ओढत होत्या, सुटलेले पांढरे केस कानामागे सारत होत्या, आणि नजर वर करून परत खाली करत होत्या.

"अगो बाय," त्या पुटपुटल्या. "हे कधी इले?"

कैवल्यनं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची गरजच नव्हती.

काकी एकेक पाऊल टाकत पुतळ्याच्या बुटक्या चौथऱ्यापाशी गेल्या. गालाला लावायला हात वर केला, आणि माती ओली आहे हे आठवून बोटभर अंतरावर थांबवला. नंदूशेठ मिशी चावत म्हणाले, "होच, गो. होच तो. काजळाखाली होच होतो." दाजींना ऐकू येत नव्हतं, तरी ते मान हलवत राहिले.

"भाज रे बाबा लवकर," काकी कैवल्यला म्हणाल्या. "परत बदलूक देव नको."

कैवल्यनं अंगठा घ्यायची पट्टी अक्षतासमोर धरली. तिचा हात पुढे येईना. तिला कळत होतं, आज हा चेहरा पक्का झाला की उद्यापासून सुरूबंदरमधलं कुणीही तिला 'बापाचो तोंडवळो' म्हणणार नाही. शाळेत, लग्नात, बाळंतपणात, जिथं बाप नव्हता तिथं तिनं हे दोन शब्द अंगाभोवती लपेटून घेतले होते. बाप मिळवायचा तर ते द्यायला लागणार होते.

"आये," ती म्हणाली, "मी तेंच्यासारख्या जराय दिसणंय नाय."

काकींनी एकदा पुतळ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. अगदी निरखून, प्रामाणिकपणे.

"नाय, गो. जराय नाय."

"मगे इतकी वर्षा काय सांगीत होतंस माका?"

खाडीवरून वारा येत होता आणि पदर डोक्यावर ठरत नव्हता.

"मी खोटा नाय सांगूक," त्या म्हणाल्या. "ते गेल्यावर माका जा जा आवडला, ता ता माका तेंच्यासारख्याच दिसला. आणि तुझ्यापरास माका काय आवडतला, गो?"

अक्षतानं पट्टीवर अंगठा टेकवला.

"करा सुरू," ती कैवल्यला म्हणाली, आणि आईच्या डोक्यावरून घसरलेला पदर तिनं हळूच परत वर ओढून दिला.